कातळावरचा संसार : माळटिटवीच्या जीवनक्रमाची प्रस्तावना

मुंबई–गोवा महामार्गावर कुडाळच्या दक्षिणेला लागून असलेले पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे महाराष्ट्राला माहीत आहे, आणि २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाल्यानंतर ही ओळख देशभर पोहोचली. या गावाच्या आसपासची, तशीच मालवण आणि वेंगुर्ले तालुक्यांतली भूमी मात्र अजून तितकीशी ओळखीची झालेली नाही. खाली वहाळाच्या काठाने भाताचे मळे, त्यांच्या कडेला माडांची आणि सुपारीची बागायत, त्यावर काजू-आंब्याची वरकस जमीन आणि सर्वांत वर उघडा कातळ, ज्याला कोकणात सडा म्हणतात, अशी तिची साधारण मांडणी असते. यांपैकी मळे आणि बागायत यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, कारण त्यांच्यावर माणसाचे पोट चालते. सड्याविषयी मात्र महसुली दप्तरात ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ एवढीच नोंद सापडते. त्या ‘पडीक’ जमिनीवर अंडी घालून पिल्ले वाढवणारा, झाडावर कधीही न बसणारा आणि उघड्या माळाशिवाय जगू न शकणारा पक्षी म्हणजे माळटिटवी, आणि तिच्या जीवनक्रमाची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

टिटवी म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा दुसराच पक्षी येतो. काळे डोके, काळा गळा आणि काळी छाती, डोळ्यापासून मानेच्या बाजूने खाली उतरणारा पांढरा पट्टा, टोकाशी काळी असलेली लाल चोच आणि डोळ्यापुढे लाल मांसल कातडी असलेली ताम्रमुखी टिटवी (शास्त्रीय नाव व्हॅनेलस इंडिकस) ही शेतात, तळ्याकाठी, रेल्वेच्या खडीवर आणि शहरांतल्या मोकळ्या मैदानांवरही आढळते. रात्री-अपरात्री ओरडून माणसाला दचकवते तीही हीच. माळटिटवी (व्हॅनेलस मलाबारिकस) तिची जवळची नातलग असली तरी आकाराने लहान, साधारण २६ ते २८ सेंटिमीटर लांबीची, आणि रंगाने वाळक्या गवताशी मिळतीजुळती असते. तिच्या डोक्यावर काळी टोपी असते, टोपीखाली डोळ्यामागून मानेकडे जाणारी पांढरी रेघ असते, आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्याच्या पुढे, पिसे नसलेली पिवळी मांसल कातडी लोंबते, जिच्यामुळे तिला पीतमुखी टिटवी असेही म्हणतात. तपकिरी छाती आणि पांढरे पोट यांच्यामध्ये एक बारीक काळसर रेषा असते. पाय लांब आणि पिवळे असतात, आणि ताम्रमुखी टिटवीला जे अगदी लहान मागचे बोट असते तेही माळटिटवीला नसते. तीन बोटे पुढे आणि मागे काहीच नाही, अशा पायाने फांदी पकडता येत नाही. चालणे, धावणे आणि थबकणे यांसाठीच तो पाय घडलेला आहे.

एकाच गावात या दोन्ही टिटव्या राहत असल्या तरी त्यांनी जमीन वाटून घेतलेली दिसते. मळ्याच्या बांधावर, भात कापल्यानंतरच्या ओल्या शेतात, वायंगणी, म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या कडेला ताम्रमुखी टिटवी असते, कारण तिला पाण्याचे सान्निध्य लागते. तिथून चढण चढून कातळावर गेले की पाण्यापासून दूर, ऊन झेलणाऱ्या रखरखीत जमिनीवर माळटिटवी सुरू होते. ही वाटणी काटेकोर नाही, दोघी एकमेकींच्या हद्दीत येतातही. परंतु अंडी घालण्याच्या दिवसांत ती चांगलीच स्पष्ट होते.

माळटिटवीची शास्त्रीय नोंद जुनी आहे. डच निसर्गअभ्यासक पीटर बोडार्ट यांनी १७८३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, आणि तिच्या नावातला मलबारचा उल्लेख त्या काळी युरोपात पोहोचलेल्या, मलबार किनाऱ्यावरच्या पक्ष्याच्या चित्रावरून आलेला आहे. दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी तयार केली ती मुलकी सेवेतले अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी; ती १८८० मध्ये ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे या पक्ष्याच्या प्रजननाचा नेटका अभ्यास केला तो सुरेश जयकर आणि हेलन स्परवे या दोघांनी. हे दोघेही जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या भारतातील वर्तुळातले. स्परवे या हाल्डेन यांच्या पत्नी आणि जयकर त्यांचे तरुण सहकारी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६५ आणि १९६८ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखांच्या मथळ्यातच माळटिटवीला ‘कोरड्या ऋतूत घरटे करणारा उष्ण कटिबंधातला पक्षी’ म्हटलेले आहे. दुर्बिणीने आणि धीराने, पक्ष्याला न मारता आणि न पकडता केलेले निरीक्षण हे विज्ञान होऊ शकते, असा हाल्डेन यांचा आग्रह होता, आणि भारतासारख्या देशात संशोधनाचा तोच मार्ग सर्वांना परवडणारा आहे, असेही ते मानत. माळटिटवीचा अभ्यास हे त्या विचाराचे उत्तम उदाहरण ठरते. आजही कोकणातल्या एखाद्या शाळेतल्या मुलांना हा अभ्यास वहीपेन्सिलीवर करता येईल, इतका तो पक्षी उघड्यावर राहतो.

कोरड्या ऋतूत घरटे करणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी सडा समजून घेतला पाहिजे. सडा हा जांभ्या दगडाचा असतो. उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशात मूळ खडक, मग तो दख्खनचा काळा पत्थर असो किंवा कुडाळ–वेंगुर्ल्याकडचे त्याहून प्राचीन खडक असोत, दीर्घ काळ झिजत राहतो. त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून त्यांचे कठीण, सच्छिद्र, तांबडे कवच बनते. तोच जांभा, आणि घरे बांधण्यासाठी ज्याचे चिरे काढतात तोही तोच. या कवचावर मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नसतो. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस त्यावर कोसळतो, सपाट जागी पाणी साचून उथळ तळी होतात, आणि चार महिन्यांत आपले सगळे आयुष्य उरकणाऱ्या वनस्पती उगवतात: गेंद, तेरडा, कवला, कीटक पकडणारी दवबिंदू आणि सीतेची आसवे, आणि भारताच्या पश्चिम भागातील पठारांखेरीज जगात अन्यत्र न आढळणाऱ्या ग्लायफोक्लोआसारख्या गवताच्या जाती. दिवाळीनंतर हे सारे वाळून जाते. माघ-फाल्गुनापर्यंत सडा पुन्हा उघडा पडतो, आणि चैत्रात, जेव्हा त्यावर अनवाणी उभे राहणे अशक्य होते, तेव्हा माळटिटवी तिथे अंडी घालते.

तिच्या घरट्याला घरटे म्हणणे हीसुद्धा सोय आहे. कातळातल्या खळग्यात साठलेल्या मूठभर मुरमात नर छातीच्या भाराने आणि पायांनी खरवडून एक उथळ वाटीसारखा खड्डा करतो. असे दोन-चार खड्डे होतात आणि त्यांतल्या एकात मादी अंडी घालते. आजूबाजूचे बारीक खडे चोचीने उचलून मागे किंवा बाजूला टाकण्याची टिटव्यांची सवय असल्यामुळे अंड्यांभोवती कधी खड्यांचे कडे तयार होते, कधी होत नाही. अंडी बहुधा चार असतात, एका टोकाला निमुळती, आणि ती टोके आत वळवून मांडलेली, म्हणजे चारही अंडी कमीत कमी जागेत बसतात आणि एका पक्ष्याच्या पोटाखाली पूर्ण झाकली जातात. अंड्यांची जमीन करड्या-पिवळट रंगाची, तिच्यावर गडद तपकिरी आणि जांभळट ठिपके व डाग. जांभ्याच्या खड्यांत पडलेले हे अंडे दोन हातांवरूनही दिसत नाही. नजर त्यावरून जाते आणि पुढे सरकते. सड्यावर चालणाऱ्या माणसाचा पाय त्यावर पडतो तो निष्काळजीपणामुळे क्वचितच, बहुतेक वेळा ते दिसतच नाही म्हणून.

अंडी उबवणे या क्रियेची सर्वसाधारण कल्पना अशी असते की पक्षी अंड्यांना ऊब देतो. वैशाखातल्या कातळावर मात्र दुपारी नेमके उलटे काम करावे लागते. पक्ष्याच्या अंड्यातला गर्भ ३७ ते ३८ अंश सेल्सियसच्या आसपास नीट वाढतो आणि तापमान त्यापेक्षा तीन-चार अंशांनी अधिक काळ वर राहिले तर तो मरू शकतो. उघड्या जांभ्याचा पृष्ठभाग भर उन्हात याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून सकाळी आणि रात्री टिटवी अंड्यांवर बसते, परंतु ऊन चढल्यावर ती पाय ताठ करून अंड्यांवर उभी राहते, पिसे किंचित फुलवते आणि स्वतःच्या सावलीत अंडी ठेवते. तिची चोच उघडी असते, गळा धापेने हलत असतो, आणि तरी ती जागा सोडत नाही. नर आणि मादी आळीपाळीने ही राखण करतात. बदलीला येणारा पक्षी पुष्कळदा आधी जवळच्या डबक्यावर किंवा वहाळावर जाऊन छाती-पोटाची पिसे पाण्यात बुडवतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येतो, त्यामुळे अंडी आणि भोवतालची जागा थोडा वेळ गार राहते. पोट भिजवण्याची ही रीत ताम्रमुखी टिटवीतही आहे, परंतु पाण्यापासून लांब घरटे करणाऱ्या माळटिटवीला ती अधिक महागात पडते, कारण पाणी आणण्यासाठी गेलेला प्रत्येक क्षण अंड्यांच्या राखणीतून वजा होतो. एवढी मेहनत पाहिल्यावर ‘ओसाड’ कातळ या शब्दप्रयोगाचा फेरविचार करावासा वाटतो. ज्या जागेसाठी एक जीव इतके सोसतो ती जागा त्याच्या दृष्टीने ओसाड असू शकत नाही.

मग इतक्या कडक उन्हातच अंडी का घालायची, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कोकणच्या पंचांगात सापडते. अंडी उबायला जवळजवळ चार आठवडे लागतात, आणि पिल्लांना उडण्याइतके पंख फुटायला त्यानंतर महिन्याहून अधिक काळ जातो. सिंधुदुर्गात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे मृग नक्षत्राच्या तोंडावर येतो, आणि एकदा आला की सड्यावरचा प्रत्येक खळगा पाण्याने भरतो. त्या वेळी खड्ड्यात अंडी असतील तर ती बुडालीच. अंडी पावसाआधी फुटली पाहिजेत, आणि पिल्ले चालती-फिरती झाली असताना पहिले पाऊस पडले, तर वाळव्यांचे आणि भुंग्यांचे घबाड त्यांना मिळते. किडे आणि वाळव्या हेच तर टिटवीचे मुख्य अन्न. शिवाय उन्हाळ्यातला उघडा सडा हा टिटवीला दूरवर पाहू देतो, आणि जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याचे पहिले संरक्षण म्हणजे शत्रू लांबून दिसणे. ज्यांची पहिली अंडी गेली ती जोडपी पुन्हा प्रयत्न करतात, आणि अशा उशिराच्या वीणीला पावसाने गाठण्याचा धोका अधिक असतो.

पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तीच डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन, आणि अंग वाळल्यावर काही तासांत ती चालू लागतात. चिमणीच्या पिल्लासारखे तोंड उघडून भरवून घेणे त्यांच्या नशिबी नाही. अन्न त्यांनी स्वतः टिपायचे, आईबापांनी राखण करायची आणि थंडीत-पावसात पंखाखाली घ्यायचे, अशी त्यांची व्यवस्था असते. घार, कावळा, मुंगूस, घोरपड, कोल्हा किंवा कुत्रा दिसला की मोठा पक्षी इशारा देतो आणि पिल्ले जिथे असतील तिथे जमिनीला चिकटून निश्चल होतात. पाठीवरच्या काळ्या-पिवळट नक्षीमुळे ती मग दगडांपासून वेगळी काढता येत नाहीत. मोठ्यांचे डावपेच याहून गुंतागुंतीचे आहेत. शत्रू लांब असताना उबवणारा पक्षी घरट्यावरून उडत नाही, तर मान खाली घालून गुपचूप चालत दूर जातो आणि तिथून उडतो, म्हणजे उडण्याच्या जागेवरून घरट्याचा माग लागत नाही. कधी तो मुद्दाम रिकाम्या जागीच अंड्यांवर बसल्यासारखा बसतो. शत्रू फारच जवळ आला तर पंख मोडल्याचे सोंग घेऊन लंगडत त्याला दुसरीकडे नेतो, आणि कावळ्यावर तर जोडीने झेप घेतो. गुरांच्या बाबतीत मात्र पळवून लावण्याचा किंवा फसवण्याचा उपयोग नसतो, कारण गाय अंडी खायला आलेली नसते, फक्त तिचा खूर पडतो. अशा वेळी टिटवी पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी राहते आणि तिला वळायला लावते. शत्रू कोण आहे आणि तो काय करू शकतो, हे ओळखून उपाय बदलणारा हा पक्षी आहे, आणि त्याच्या वर्तनाच्या अभ्यासाचे खरे आकर्षण इथेच आहे.

मराठी मनात टिटवीला जे स्थान आहे त्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही, जरी त्यातला बराचसा भाग ताम्रमुखी टिटवीच्या वाट्याचा असला तरी. पंचतंत्रातल्या मित्रभेदात अंडी गिळणाऱ्या समुद्राशी वैर मांडणारे टिट्टिभ जोडपे आहे. शके १२१२ मध्ये रचल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेचा अर्थ सांगण्याचे आपले साहस ज्ञानेश्वरांनी चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीच्या साहसाशी ताडून पाहिले आहे, आणि टिटवीदेखील समुद्र आटवते ही म्हणही याच कुळातली. दुसरीकडे रात्री टिटवी ओरडली की ते अशुभ मानतात. ताम्रमुखी टिटवी रात्रीही, विशेषतः चांदण्यात, जागी असते आणि जवळून जाणाऱ्या माणसाला किंवा जनावराला पाहून ओरडते, एवढेच त्यामागचे वास्तव आहे. अपशकुनाचा ठपका तिच्यावर अन्यायाने बसला आहे. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस मोठा, सखल जागी घातली तर कमी, हा शेतकऱ्यांचा आडाखा मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावा. पावसाचे भाकीत म्हणून त्यावर विसंबता येणार नाही. परंतु या आडाख्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे टिटवीची अंडी कुठे आहेत हे पाहत होते, आणि पाहूनही त्यांना हात न लावता पुढे जात होते, ही गोष्ट मोलाची आहे.

सड्याकडे माणूस पूर्वीपासून येत होता, याचा पुरावा कातळावरच कोरलेला आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक गावांतली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि त्यानंतर सड्यांवर काही तरी जपण्याजोगे आहे याची जाणीव वाढली. ती जाणीव दगडावरच्या रेषांपाशी थांबू नये. कोकण आणि सह्याद्रीतल्या पठारांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी ही पठारे स्वतंत्र परिसंस्था आहेत, म्हणजे तिथली जमीन, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचे आपापसांत बांधलेले स्वतंत्र जग आहे, हे पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. तरीही सड्याचा विचार होतो तो रिकामी जागा म्हणूनच. चिरेखाणी तिथेच निघतात. देवगड-रत्नागिरीकडे कातळात सुरुंगाने खड्डे करून, त्यांत बाहेरची माती भरून हापूसच्या बागा लावल्या गेल्या. वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपी इथला विमानतळ, जो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तोही सड्यावरच आहे. यांतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी गरजेची आहे, आणि कोकणातल्या माणसाने बागा लावू नयेत किंवा घरे बांधू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण सड्यावर काहीच नव्हते, हे गृहीतक चूक आहे, आणि निर्णय त्या गृहीतकावर होत असतील तर ते निर्णयही तपासावे लागतील.

याहून अवघड आहे ते सद्हेतूने होणारे नुकसान. उघडा माळ दिसला की तिथे झाडे लावावीत, असा संस्कार गेल्या काही दशकांत सर्वत्र रुजला आहे, आणि ज्या डोंगरावर जंगल होते तिथे तो योग्यही आहे. सड्यावर किंवा गवताळ माळावर मात्र खड्डे खणून लावलेली झाडे, विशेषतः आकेशियासारखी परकी झाडे, जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचे घर काढून घेतात. झाड आले की त्यावर कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला बसायला जागा मिळते, टिटवीची लांबवर जाणारी नजर अडते, आणि उघडे मैदान तिच्या उपयोगाचे राहत नाही. हेच संकट चंडोल, तीरचिमणी, लावा आणि रातवा यांच्यावर आहे, कारण यांतला प्रत्येक पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. ९४२ जातींचा आढावा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय पक्षिस्थितीच्या अहवालात गवताळ आणि उघड्या प्रदेशातल्या पक्ष्यांची घट विशेष चिंताजनक असल्याचे म्हटले आहे, आणि सोलापूरच्या नान्नजजवळ १९७९ मध्ये खास अभयारण्य होऊनही माळढोक पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला, हे सर्वांपुढे आहे. माळटिटवी आज जगाच्या पातळीवर संकटग्रस्त मानली जात नाही. तिची चिंता करायची ती याच अवस्थेत, जेव्हा ती अजून सहज दिसते आणि तिच्यासाठी फार खर्चाचे काहीही करावे लागत नाही.

करण्याजोगे जे आहे ते गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. त्या नोंदवहीत काजू, आंबा, कोकम आणि औषधी वनस्पती जशा लिहिल्या जातात, तसा सडाही लिहावा. त्यावर कोणत्या महिन्यात कोणता पक्षी अंडी घालतो, पाणी कुठे साठते, गवत कोणते उगवते, याची माहिती गावातल्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून भरावी. पिंगुळीने चित्रकथीच्या जीर्ण पोथ्या जपल्या, त्यांचे संग्रहालय केले आणि त्या पाहायला जगाला बोलावले. या परिसरातील गावांना सड्याचेही तेवढेच अगत्य वाटावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि जो वाचक चैत्र-वैशाखात कातळावर जाईल त्याने डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली की घरटे शोधण्याच्या मोहात न पडता, पायाखाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरावे. त्या उन्हात फार वेळ उघडी राहिलेली अंडी पुन्हा जिवंत होत नाहीत.